प्रमाद कोणाचा? : एका किकरच्या कारकिर्दीच्या निमित्ताने

शोकात्मिका शिकवताना वर्गात एक प्रश्न हमखास येतो: नायकाचा प्रमाद कोणता? प्रश्नपत्रिकेत त्याला आठ-दहा गुण असतात आणि विद्यार्थी इमानेइतबारे तो प्रमाद शोधून काढतात. ऑथेल्लोचा संशय, मॅकबेथची महत्त्वाकांक्षा, हॅम्लेटची दिरंगाई. एकदा प्रमाद सापडला की उरलेले नाटक म्हणजे त्याच्यापर्यंत नेणाऱ्या पायऱ्या. ही रीत आम्हीही वर्षानुवर्षे पाळली आहे. तेव्हा पुढील टीकेतून आम्ही स्वतःला वगळत नाही. परंतु ही रीत नाटकाच्या पानांतून बाहेर पडून हाडामांसाच्या माणसांची आयुष्ये वाचू लागली की काय होते, हे पाहायचे असेल तर अमेरिकन फुटबॉलमधल्या प्लेसकिकरकडे पाहावे असे आम्हाला वाटते. साहित्याच्या विद्यार्थ्याला या खेळाशी काय देणेघेणे, असे कोणी विचारील. त्यावर उत्तर असे की, 'हॅमार्शिया' हा शब्द ज्या ग्रीक क्रियापदापासून आला त्याचा मूळ अर्थच नेम चुकणे असा आहे. होमरच्या महाकाव्यात भाला लक्ष्याला न लागता बाजूने निघून जातो तेव्हा हेच क्रियापद येते. ज्याचा व्यवसायच नेम साधण्याचा आणि ज्याचे नाव नेम चुकल्यामुळेच लोकांच्या तोंडी राहिले, अशा माणसावर हा शब्द पारखून पाहणे अप्रस्तुत ठरू नये.

त्या माणसाचे नाव स्कॉट नॉरवूड. बफेलो बिल्स या संघाचा किकर.

खेळ परिचयाचा नसलेल्यांसाठी थोडे सांगणे भाग आहे. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत नेऊन टचडाउन केले तर सहा गुण, आणि त्यानंतर एका किकने आणखी एक गुण. तेथवर पोचता आले नाही तर दुरून चेंडू लाथाडून साडेअठरा फूट अंतरावरच्या दोन उभ्या खांबांमधून, आडव्या दांड्यावरून पलीकडे घालवायचा. त्याचे गुण तीन. या कामासाठी मैदानात येतो तो किकर. एक खेळाडू पायांमधून चेंडू मागे फेकतो, सात-आठ यार्डांवर गुडघा टेकून बसलेला दुसरा तो झेलून जमिनीवर उभा धरतो आणि तिसरा, म्हणजे किकर, त्याला लाथ मारतो. सगळे मिळून सव्वा सेकंदाच्या आसपास. एका सामन्यात असे प्रसंग मोजकेच. उरलेला वेळ किकर मैदानाबाहेर उभा असतो, त्याच्या अंगाला सहसा माती लागत नाही, आणि म्हणून संघातले धिप्पाड गडी त्याला पुरता खेळाडू मानायला तयार नसतात.

२७ जानेवारी १९९१ रोजी फ्लोरिडातील टॅम्पा येथे पंचविसावा सुपर बोल झाला. न्यू यॉर्क जायंट्स २०, बफेलो १९. आठ सेकंद उरले असताना नॉरवूड ४७ यार्डांवरून किक मारण्यासाठी मैदानात आला. चेंडूला अंतर पुरेसे मिळाले, पण तो उजव्या खांबाच्या बाहेरून गेला. समालोचकाने त्याचे वर्णन करताना वापरलेले 'वाइड राइट' हे दोन शब्द बफेलो शहरात विशेषनाम होऊन बसले. तेव्हापासून नॉरवूडची कारकीर्द म्हणजे ती किक. तिच्या आधीचे सारे प्रस्तावना आणि नंतरचे सारे उपसंहार.

हे वाचन खोटे आहे, असे आमचे म्हणणे आहे. निव्वळ निर्दय म्हणून आम्ही त्याला दोष देत असतो तर तो भावनेचा प्रश्न झाला असता. ते वाचन म्हणूनच चुकीचे आहे, आणि त्याची शिकवण आपल्या वर्गांतून मिळते.

प्रथम त्या सामन्याची संहिताच नीट वाचू. जायंट्सनी ६० पैकी ४० मिनिटांहून अधिक काळ चेंडू स्वतःकडे ठेवला. बफेलोचे वेगवान आक्रमण त्या काळात बाकावर बसून होते. दुसऱ्या चरणात बफेलोच्या ब्रूस स्मिथने जायंट्सच्या जेफ हॉस्टेटलरला त्याच्याच हद्दीत गाठले. स्मिथच्या हाती त्याचे मनगट आले, चेंडू आला नाही. चेंडू सुटून बफेलोच्या हाती पडता तर टचडाउनचे सहा आणि वर किकचा एक गुण मिळण्याची संधी होती, मिळाले दोन. तिसऱ्या चरणात जायंट्सना एका चालीत १३ यार्ड हवे होते. मार्क इंग्रॅमने छोटा पास झेलला आणि अंगावर आलेल्या एकामागून एक बचावपटूंच्या हातून निसटत १४ यार्ड काढले. ती आगेकूच साडेनऊ मिनिटे चालून टचडाउनवर संपली. इंग्रॅमला न पाडू शकलेल्यांची नावे आज कोणाला सांगता येतील? त्यांच्यावर एकही चित्रपट निघाला नाही. आणि बफेलोच्या १९ गुणांपैकी पाच नॉरवूडच्याच पायाने आलेले होते, एक फील्ड गोल आणि टचडाउननंतरच्या दोन किक, हे तर सांगण्याच्या लायकीचेही कोणाला वाटत नाही.

शेवटच्या आगेकुचीचेही तेच. सव्वादोन मिनिटे उरली असताना बफेलोने स्वतःच्या १० यार्डांपासून सुरुवात केली आणि जायंट्सच्या २९ यार्डांपर्यंत मजल मारली. तेथून किकचे अंतर ४७ यार्ड पडते. आणखी एक चाल साधली असती तर ते कमी झाले असते. नॉरवूडचे घरचे मैदान कृत्रिम हिरवळीचे होते. टॅम्पाचे मैदान खऱ्या गवताचे. आणि त्या काळात चाळिशीपलीकडची किक कोणत्याही किकरकडून गृहीत धरली जात नसे. याचा अर्थ नॉरवूडची किक चुकली नाही असा नव्हे. ती चुकलीच. चुकलेली किक आणि हरलेला सामना या दोन गोष्टींमध्ये साठ मिनिटांचा खेळ आणि दोन्ही संघांचे डझनावारी खेळाडू उभे आहेत, एवढेच आम्हाला म्हणायचे आहे. शेवटी घडले म्हणून तेच कारण, हा न्याय तर्कशास्त्रात चालत नाही. मग समीक्षेत का चालावा?

येथे कोणी ॲरिस्टॉटलची साक्ष काढील. पण ॲरिस्टॉटल या खटल्यात आपल्या बाजूने उभा राहत नाही. 'काव्यशास्त्रा'च्या आठव्या प्रकरणात त्याने स्पष्ट बजावले आहे की, नायक एक आहे म्हणून कथानक एक होत नाही. एका माणसाच्या आयुष्यात असंख्य गोष्टी घडतात आणि त्या सगळ्यांची मिळून एक कृती बनत नाही. होमरने ओडिसियसचे सारे आयुष्य न सांगता एक कृती निवडली म्हणून तो त्याची प्रशंसा करतो. याचा दुसरा अर्थ उघड आहे: कथानक ही निवड आहे, आयुष्य नव्हे. ज्याने एकाच कृतीचे नाटक रचले त्याने बाकीचे आयुष्य बाजूला ठेवले. ते नव्हतेच, असे तो म्हणाला नाही. आपण मात्र उलट्या दिशेने चालतो. आधी नाटकाचा आकार मनात घेतो आणि मग आयुष्याला कापून त्यात बसवतो. शिवाय तेराव्या प्रकरणातला प्रमाद हा माणसाच्या निर्णयाशी, त्याच्या अज्ञानाशी किंवा गैरसमजाशी निगडित आहे. नॉरवूडने कोणता निर्णय चुकीचा घेतला? त्याला मैदानात पाठवले गेले आणि तो गेला. शब्दाच्या मुळाशी नेम चुकणे आहे म्हणून नेम चुकणारा प्रत्येक जण शोकनायक ठरू लागला, तर तो व्युत्पत्तीचा खेळ झाला, समीक्षा नव्हे.

आता ती कारकीर्द पाहू. नॉरवूडला कोणत्याही संघाने निवडप्रक्रियेत घेतले नव्हते. १९८२ मध्ये अटलांटाच्या संघाने त्याला करारबद्ध केले आणि हंगामापूर्वीच सोडून दिले. पुढे बर्मिंगहॅमच्या संघाकडून तो एका प्रतिस्पर्धी लीगमध्ये खेळला. ती लीगही फार काळ टिकली नाही. १९८५ मध्ये बफेलोने त्याला घेतले. १९८८ मध्ये १२९ गुण करून तो संपूर्ण नॅशनल फुटबॉल लीगमध्ये अव्वल ठरला आणि त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या संघात किकर म्हणून त्याचे नाव आले. सात हंगामांत त्याने बफेलोसाठी ६७० गुण केले. तो बाहेर पडला तेव्हा क्लबच्या इतिहासात एवढे गुण दुसऱ्या कोणाच्या नावावर नव्हते. पण सर्वांत बोलकी नोंद पुढची आहे. टॅम्पानंतर बफेलोने त्याला काढले नाही. तो आणखी एक हंगाम खेळला, आणि जानेवारी १९९२ मध्ये बफेलोने डेन्व्हरला १० विरुद्ध ७ असे हरवून पुन्हा सुपर बोल गाठला. त्या सामन्यात डेन्व्हरच्या किकरचे तीन प्रयत्न हुकले. नॉरवूडने ४४ यार्डांवरून किक साधली. विजयाचे अंतर होते तीन गुणांचे. ४७ यार्डांवरची हुकलेली किक एक संघ, एक शहर, एक दशक व्यापून राहते, आणि जेमतेम वर्षभराने, तीन यार्ड कमी अंतरावरून, त्याच माणसाने साधलेली आणि त्याच संघाला पुन्हा अंतिम सामन्यात नेणारी किक कोणाच्या स्मरणात राहत नाही. कारण शोकात्मिकेत पाचव्या अंकानंतर सहावा अंक नसतो.

यशाकडे वळले तरी हाच प्रकार दिसतो. फेब्रुवारी २००२ मध्ये न्यू इंग्लंडच्या ॲडम विनातिएरीने शेवटच्या क्षणी ४८ यार्डांवरून किक साधली आणि सुपर बोल जिंकून दिला. नॉरवूडहून एक यार्ड अधिक. तेव्हापासून त्याच्या थंड डोक्याची, पोलादी काळजाची स्तोत्रे गायली गेली. विनातिएरी असामान्य किकर होता यात शंका नाही. २,६७३ गुणांचा विक्रम मागे ठेवून तो निवृत्त झाला. परंतु त्या रात्रीची परिस्थिती पाहा. न्यू ऑर्लिन्सचे बंदिस्त स्टेडियम, वारा नाही. पायाखाली कृत्रिम हिरवळ. आणि गुणफलक १७-१७. किक हुकती तर सामना जादा वेळेत गेला असता, हरला गेला नसता. दोन वर्षांनी २००४ च्या सुपर बोलमध्येही त्याने ४१ यार्डांवरून विजयी किक मारली. त्याच सामन्यात आधी त्याची ३१ यार्डांवरची एक किक हुकली होती आणि दुसरी प्रतिस्पर्ध्यांनी अडवली होती. ती रात्र हुकलेल्या किकवर संपली असती तर हेच पोलादी काळीज आपण कशाचे ठरवले असते? स्वभाव आधी आणि फळ नंतर असे आपण लिहितो. प्रत्यक्षात फळ पाहून स्वभाव लिहिलेला असतो.

याहून निर्वाणीचे उदाहरण गॅरी अँडरसनचे. १९९८ च्या हंगामात मिनेसोटाच्या या किकरने साखळी सामन्यांत ३५ पैकी ३५ फील्ड गोल साधले. टचडाउननंतरच्या किकही त्याची एकही चुकली नाही. जानेवारी १९९९ मध्ये, सुपर बोलच्या एक पायरी अलीकडे, अटलांटाविरुद्ध त्याची ३८ यार्डांवरची किक हुकली. त्या वेळी मिनेसोटा सात गुणांनी पुढे होता. अटलांटाने बरोबरी साधली आणि जादा वेळेत त्यांच्या मॉर्टन अँडरसनने किक मारून सामना जिंकला. तीही ३८ यार्डांचीच. आता सांगा, यात प्रमाद कोणता? सबंध हंगाम निर्दोष खेळलेल्या माणसाच्या स्वभावात नेमक्या त्या दुपारी कोणते वैगुण्य उपजले? आणि समजा उपजले, तर पुढे २००० मध्ये त्याच माणसाने लीगच्या इतिहासातला सर्वाधिक गुणांचा तेव्हाचा विक्रम मोडला, तेव्हा ते कुठे गेले? ३६ प्रयत्नांपैकी एक हुकणार, हे त्या धंद्याचे अंकगणित आहे. कोणता हुकणार, हे मात्र किकरच्या हाती नाही.

आमच्या म्हणण्यावर घेतला जाणारा मुख्य आक्षेप आम्हाला ठाऊक आहे आणि तो हलका नाही. आक्षेप असा: क्षण निवडल्याशिवाय कथा होत नाही. आकडेवारी म्हणजे साहित्य नव्हे. किकरच्या आयुष्यातल्या शेकडो किक एकापुढे एक मांडल्या तर त्याला कोण वाचील? स्वतः ॲरिस्टॉटलनेच प्रसंगांची नुसती माळ ओवणाऱ्या कथानकाला सर्वांत निकृष्ट म्हटले आहे. शिवाय प्रेक्षकांना तो क्षण खरोखरच निर्णायक वाटला. ती वेदना काय समीक्षकाने कल्पिलेली होती?

वेदना खरीच होती. पण वेदनेचा अर्थ लावणारी जी रूपे आपल्यापाशी आहेत, त्यांची दिवाळखोरी पाहायची असेल तर चित्रपटांकडे वळावे. १९९४ च्या 'एस व्हेंचुरा: पेट डिटेक्टिव्ह'मध्ये सुपर बोलमधली किक हुकलेला खेळाडू वेडा होतो आणि गुन्हेगार बनतो; नेम चुकला म्हणजे माणूसच बिघडलेला असणार, हे समीकरण तेथे विनोद म्हणून वापरले आहे. १९९८ चा व्हिन्सेंट गॅलोचा 'बफेलो ६६' अधिक गंभीर. त्याचा नायक बफेलोवर पैज लावून कर्जात बुडतो, ते फेडण्यासाठी दुसऱ्याच्या गुन्ह्याची शिक्षा भोगतो, आणि बाहेर आल्यावर ज्याच्या किकमुळे हे झाले त्या स्कॉट वूड नावाच्या किकरला ठार मारायला निघतो. नाव कोणावरून घेतले हे सांगणे नलगे. अखेरीस तो मारत नाही, परत फिरतो, आणि प्रेक्षकाला हायसे वाटते. आम्हाला मात्र तो शेवट अपुरा वाटतो. नायक किकरला सोडून देतो, जणू क्षमा करतो. पण क्षमा करायला आधी अपराध लागतो, आणि तो होता की नाही हा प्रश्न चित्रपट शेवटपर्यंत विचारतच नाही. किकर तेथे माणूस म्हणून येत नाही; दुसऱ्याच्या दुःखाचे निमित्त म्हणून येतो.

याउलट बफेलोच्या लोकांनी काय केले ते पाहा. पराभवानंतर संघ गावी परतला तेव्हा नायगरा चौकात हजारोंचा जमाव गोळा झाला आणि नॉरवूडच्या नावाचा गजर सुरू झाला. तो पुढे येईपर्यंत लोक थांबले नाहीत. तो आला, आणि भरल्या गळ्याने चार शब्द बोलला. या प्रसंगाचे भाबडे कौतुक करण्याची आम्हाला इच्छा नाही. त्याच शहरात पुढे त्याच्या नावाने बोटेही मोडली गेली असतील. पण त्या थंडीत उभ्या राहिलेल्या लोकांनी वाचक म्हणून एक गोष्ट अचूक केली. त्यांनी शेवटचे पान फाडून तेवढेच हाती धरले नाही. ज्याला ते हाक मारीत होते तो त्यांना सहा हंगाम परिचित होता. सुपर बोलपर्यंत पोचण्यात त्याच्या पायाचा वाटा किती हे त्यांना सांगावे लागत नव्हते. साहित्याची पदवी नसलेल्या जमावाला जे वाचन जमले ते आपल्याला जमू नये?

आणि कथेला क्षण लागतो या आक्षेपाचे उत्तरही येथेच आहे. क्षण निवडू नये असे आम्ही म्हणत नाही. निवडलेल्या क्षणाला निवाडा समजू नये असे म्हणतो. आपल्याकडे बखर आणि रोजकीर्द असे लेखनाचे दोन प्रकार जुन्या काळापासून शेजारी शेजारी नांदत आले. बखरीला रण हवे, वीर हवा, घात हवा. रोजकीर्दीत आजची जमा आणि आजचा खर्च. बखर वाचायला रंजक, पण हिशेब चुकता करायचा तर कीर्द उघडावी लागते. किकरची कारकीर्द ही स्वभावतःच कीर्दीची गोष्ट आहे: तीच कृती, त्याच पावलांनी, ऊन-पाऊस-बर्फात, शेकडो वेळा. तिचे नाट्य पुनरावृत्तीत आहे; आज साधलेली किक उद्याच्या किकला काहीही देऊन जात नाही, रोज शून्यापासून उभे राहायचे, यात आहे. हे नाट्य आपल्या रूपांत बसत नसेल तर रूपे अपुरी आहेत. तो दोष किकरचा नव्हे.

ज्यांना किकर हा खेळाच्या कडेचा, उपरा माणूस वाटतो त्यांच्यासाठी शेवटी एक नोंद. १९५६ च्या उठावानंतर हंगेरीतून निर्वासित झालेल्या कुटुंबातला पीट गोगोलाक १९६४ मध्ये बफेलोकडून खेळू लागला आणि पायाच्या आतल्या बाजूने तिरकी किक मारण्याची पद्धत त्याने व्यावसायिक खेळात आणली. १९६६ मध्ये तो प्रतिस्पर्धी लीगमधल्या न्यू यॉर्क जायंट्सकडे गेला. त्यावरून दोन लीगांमध्ये खेळाडू पळवण्याचे युद्ध भडकले, आणि त्याच वर्षी विलीनीकरणाचा करार झाला. त्या करारातूनच दोन्ही लीगांच्या विजेत्यांमधला तो अंतिम सामना जन्मला ज्याला पुढे सुपर बोल म्हणू लागले. बफेलो आणि जायंट्स, १९९१ चे तेच दोन संघ. आणि त्यांच्यामधून चालत गेलेला एक किकर. आणखी एक योगायोग असा की, नॉर्वेहून आलेला यान स्टेनेरूड हा केवळ किकर म्हणून हॉल ऑफ फेममध्ये गेलेला पहिला खेळाडू ठरला तोही १९९१ मध्येच. दुसऱ्याला, मॉर्टन अँडरसनला, तेथे पोचायला २०१७ उजाडले. मधल्या २६ वर्षांत किकरांना मिळाले ते बहुतेक चुकांपुरते स्मरण.

हे सारे आम्ही एका परदेशी खेळाच्या प्रेमापोटी लिहिलेले नाही. समोर बसलेला विद्यार्थी आपल्याकडून शिकतो ते केवळ सोफोक्लीज आणि शेक्सपिअर नव्हे. माणसाच्या आयुष्याला प्रश्न कसा विचारावा हेही तो शिकतो. प्रमाद कोणता, या प्रश्नात प्रमाद आहेच हे गृहीत आहे, आणि तो एकच आहे हेही. तो प्रश्न घेऊन तो उद्या आपल्या बापाकडे पाहील, धंद्यात बुडालेल्या भावाकडे पाहील, स्वतःकडेही पाहील. आणि प्रत्येक ठिकाणी त्याला एक हुकलेली किक सापडेल, कारण शोधणाऱ्याला ती सापडतेच.

तेव्हा पुढच्या खेपेस प्रश्नपत्रिका काढताना निदान एक पोटप्रश्न जोडावा: या नायकाचा प्रमाद ठरवताना तुम्ही काय काय वगळले? गुण तेवढेच ठेवावेत. आणि उत्तरे तपासायला बसण्यापूर्वी, जानेवारी १९९२ मध्ये ४४ यार्डांवरून खांबांच्या मधून गेलेला तो चेंडू आपल्याला आठवतो का, हे आधी स्वतःला विचारावे.